खिडकीला नेसवलेलं लुगडं

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात विणकरांचं एक घर होतं आणि त्या घरात दोन जावा होत्या. एकीचा हात भारी, दुसरीचा हलका.

त्या गावात बायकाही मागावर बसत. थोरली तर लग्न होऊन आली त्या वर्षापासून बसलेली, पंचवीस वर्षं झाली होती. आडव्या सुताचा धोटा एकदा इकडून तिकडे गेला की तो धागा दाबायची फणी ती दोनदा ठोकायची, धाड-धाड! आडवा धागा मागच्या धाग्याला असा जाऊन चिकटायचा की मध्ये मुंगीला वाट नाही. तिचं लुगडं नदीवर धुवायला नेलं तर ओलं होऊन इतकं जड व्हायचं की पिळायला दोघी लागायच्या. पण टिकायचं म्हणजे किती! आईने नेसावं, मग लेकीने नेसावं, मग त्याची गोधडी शिवावी आणि ती गोधडी नातवंडांनी चार बाजूंनी ओढली तरी फाटू नये. आसपासच्या पाच गावांत थोरलीच्या लुगड्याला नाव होतं. आणि ते नाव आहे हे थोरलीलाही चांगलं ठाऊक होतं.

धाकटी आली ती दूरच्या गावाहून. तिच्या माहेरी उपरणी विणत. उपरणं कसं, खांद्यावर टाकलं की वाऱ्याने भुरभुरलं पाहिजे. त्यामुळे तिचा हात हलका. धोटा गेला की एकच ठोका, तोही असा की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. लग्नानंतर हौसेने तिने एक लुगडं विणलं. सासऱ्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "सूनबाई, यातून पलीकडचं गाव दिसतंय की!"

सगळे हसले. थोरली सगळ्यांपेक्षा जास्त हसली. "अगं धाकटे, लुगडं विणायला सांगितलं होतं, ताक गाळायचं फडकं नव्हे!"

झालं. त्या दिवसापासून धाकटीला मागावर कोणी बसवलं नाही. ती कोपऱ्यात बसून कांड्या भरू लागली, म्हणजे धोट्यात घालायला सूत गुंडाळून द्यायचं. सहा वर्षं तिने तेच केलं. हात कोपऱ्यात बसला, पण तोंड काही बसलं नाही. थोरलीने "कांडी सैल भरलीस" म्हटलं की धाकटी म्हणायची, "जाऊबाई, तुम्ही ठोकून ठोकून घट्ट करालच की."

पुढे सासरे गेले आणि दिवसही पालटले. बंदरावरून झुळझुळीत, रंगीबेरंगी कापड गावोगावच्या बाजारात येऊ लागलं. दोन वर्षांत फाटायचं, पण अंगाला हलकं लागायचं आणि दोरीवर लगेच वाळायचं. बायका थोरलीच्या लुगड्याला हात लावून बघत, "वा, काय घट्ट विणलंय" म्हणत आणि पलीकडच्या पालावर जाऊन दुसरंच घेत. घरातले माग एकेक करून थांबले. शेवटी दोघींच्या नवऱ्यांनी, म्हणजे त्या घरच्या दोघा भावांनी ठरवलं, आता अक्षय तृतीया झाली की बंदरावर जायचं. तिथे माल चढवायला-उतरवायला माणसं लागतात. माग मोडायचे आणि लाकूड विकून टाकायचं.

थोरली त्या दिवशी जेवली नाही. घर सोडायचं दुःख होतंच. पण मागाशिवाय आपण कोण, हे तिला आठवून आठवून आठवेना.

अशातच होळीच्या सुमारास एक शेठाणी गावावरून चालली होती. तिच्या गाडीचे बैल पाणी प्यायला थांबले आणि तिची नजर अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यावर गेली. गाडीतून उतरून ती सरळ आत आली. अंगणात तेव्हा शेजारीणही उभी होती. विरजण मागायला आली होती. तिच्या घरी दोन म्हशी होत्या, पण विरजण मात्र रोज इथलंच लागायचं, कारण विरजणाबरोबर चार बातम्याही मिळायच्या.

शेठाणीने काठावरून हात फिरवला. "काय सुंदर रंग! असं मला करून द्याल?"

थोरलीची छाती फुलली. "देऊ की. नऊ वार का आठ वार?"

"नेसायला नको हो बाई, खिडकीला हवंय."

"कोणाला?"

"खिडकीला! आम्ही नवं घर बांधलंय. पश्चिमेला सहा खिडक्या आहेत, पुरुषभर उंच. संध्याकाळचं ऊन थेट ताटात येतं. हाच रंग, हेच काठ, पण पडदे करून द्या. मनासारखे झाले तर पुढे पलंगपोस घेईन, लोड-तक्क्यांचे अभ्रे घेईन. मला तीन नणंदा आहेत. माझ्याकडे नवीन काही दिसलं की त्यांना तेच हवं असतं, तेव्हा त्यांचंही काम तुम्हालाच येईल."

थोरलीला हे काही रुचलं नाही. "बाई, आमचा काठ म्हणजे बाईमाणसाच्या अंगावरचा मान. तो काय खिडकीला नेसवायचा?"

"नेसव गं," शेजारीण मध्येच म्हणाली. "खिडकी निदान निऱ्या नीट येत नाहीत म्हणून परत आणून देणार नाही."

धाकटी कोपऱ्यात खुदकन हसली. थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की कांडीवरचं सूत आपोआप सरळ व्हावं. पण माग वाचायचे तर हा एकच रस्ता होता. तिने हो म्हटलं. सहा पडदे, अक्षय तृतीयेला. शेठाणी स्वतः न्यायला येणार. भाऊही म्हणाले, बाईंना पडदे पसंत पडले तर राहू, नाहीतर दुसऱ्या दिवशी गाड्या भरू. एवढं बोलून ते उरलीसुरली लुगडी घेऊन गावोगावचे बाजार करायला निघून गेले.

आता मोठी अडचण. खिडक्या रुंद, म्हणून कापडाचा पन्हाही रुंद हवा. तो लुगड्याच्या मागावर बसेना. घरात एक जुना रुंद माग होता, सासू-सासरे पूर्वी त्याच्यावर पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं विणत. पण तो एकट्या माणसाचा नव्हेच. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, एकाने धोटा टाकायचा, दुसऱ्याने झेलायचा आणि फणी दोघांनी मिळून ओढायची. त्या घरची रीतही होती. डावीकडे घरातल्या मोठ्या माणसाने बसायचं. डावीकडचा सांगेल तसा ठोका, उजवीकडच्याने तो ऐकून उचलायचा.

थोरली डावीकडे बसली. उजवीकडे कोण? घरात दुसरं होतंच कोण!

"ये बाई," थोरली म्हणाली. "बस. पण इथे ताकाचं फडकं विणायचं नाहीये, ध्यानात ठेव."

धाकटी सहा वर्षांनी मागावर बसली. तिने आधी मागाला हात जोडले आणि मग पदर खोचला.

धोटा गेला. थोरलीने आपल्या बाजूने फणी ओढली, धाड-धाड. धाकटीने आपल्या बाजूने ओढली, टक. हातभर कापड झालं आणि बघतात तो काय, थोरलीकडची बाजू दाबून खाली बसलेली, धाकटीकडची मोकळी, वर चढलेली. सगळं कापड घाटाच्या रस्त्यासारखं तिरकं!

"ठोक की जरा!" थोरली ओरडली. "दोन वेळा जेवतेस ना?"

"मी ठोकतेच आहे, जाऊबाई. तुम्ही कुटताय."

"माझ्या हाताला नाव ठेवतेस? पाच गावं या हाताचं नेसतात!"

"नेसत होती," धाकटी म्हणाली. म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

थोरलीने फणी सोडली. तिने कात्री घेतली, ते तिरकं कापड सर्रकन कापलं आणि उभे धागे पुन्हा दांड्याला बांधले. कापलेला तुकडा धाकटीने उचलला. टाकवेना, म्हणून चुलीजवळच्या दूधदुभत्याच्या फडताळावर दोरी बांधून लटकवून दिला, माश्या बसू नयेत म्हणून.

त्यानंतर धाकटीने आपल्या हाताचं वळण मोडून ते थोरलीसारखं केलं. धाड-धाड, धाड-धाड. तळव्यांना फोड आले, तिने हळद लावली आणि पुन्हा बसली. कापड आता सरळ उतरू लागलं. थोरली खूश. दिवसामागून दिवस गेले आणि पहिला पडदा तयार झाला. असा घट्ट, असा ठसठशीत, की थोरलीच्या हातून उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

तिने तो मोठ्या कौतुकाने ओसरीच्या दारात टांगला. पडदा उभा राहिला. अगदी उभाच राहिला. ना चुणी, ना झोळ. मागची खोली भर दुपारी अंधारली. वारा आला तसा तो सगळाच्या सगळा हलला आणि चौकटीवर आपटला.

शेजारीण विरजणाची वाटी घेऊन घाईघाईने आत शिरायला गेली आणि तिचं कपाळ त्याच्यावर आदळलं. "अगंबाई! नवं दार बसवलंत होय? कडी वाजवून तरी आले असते!"

"खळ आहे अजून त्यात," थोरली म्हणाली. "धुतला की मऊ पडेल."

धुतला. दोघींनी मिळून पिळला. दोन दिवस वाळला नाही आणि वाळला तेव्हा होता तसाच उभा. शिवाय धाकटीने सुताच्या लड्या चाचपून पाहिल्या तर त्या बऱ्याच उतरलेल्या दिसत होत्या. इतकं ठोकून विणलं की सूत खूपच लागतं. एका पडद्यात दोन पडद्यांचं सूत गेलं होतं आणि घरात दुसरं सूत नव्हतं.

"असेच विणले तर सहा कुठले होतात," धाकटी हळूच म्हणाली.

"मग काय करू? गाळणं विणू?"

धाकटी उठून कोपऱ्यात कांड्यांपाशी गेली. त्या दिवशी माग चालला नाही. अक्षय तृतीया जेमतेम महिन्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण पुन्हा हजर. आल्याबरोबर ती चुलीपाशी गेली, विरजण घ्यायला फडताळाकडे वळली आणि तिथेच थबकली. "काय गं थोरले, हा तुकडा असा कसा? अर्धा डुलतोय आणि अर्धा रुसलाय!"

"काहीतरीच तुझं," असं म्हणत थोरली उठली आणि बघायला आली.

मागच्या दारातून वारा येत होता. फडताळावर लटकलेल्या त्या तिरक्या तुकड्याची डावी बाजू फळीसारखी ताठ होती. उजवी बाजू मात्र हलत होती. तिच्यात बारीक बारीक चुण्या पडत होत्या, मोडत होत्या, पुन्हा पडत होत्या. मागच्या दारातलं ऊन त्या बाजूतून गाळून येत होतं आणि फडताळातल्या पितळेच्या भांड्यांवर मऊ तांबूस होऊन बसलं होतं. डाव्या बाजूमागची भांडी दिसतही नव्हती.

सूत एकच, रंग एकच, माग एकच. फरक फक्त हाताचा.

थोरलीने तुकड्याची ताठ बाजू चाचपली, मग हलती चाचपली.  तेवढ्यात ओसरीतल्या ताठ पडद्याकडे बोट करून शेजारीण म्हणाली, "तो तसाच पडून राहणार असेल तर मला दे बाई, माझ्या बाजेवर टाकते."

"ने," थोरली म्हणाली. (तो पडदा शेजारणीच्या बाजेवर वीस वर्षं होता. मांजरीने नखं मारून पाहिली आणि मांजरच कंटाळली.)

शेजारीण गेली तशी थोरली मागापाशी येऊन बसली. तिच्यापुढे एक सोपा रस्ता होता. शेठाणीला सांगायचं, "सूतच वाईट निघालं, बाई." कोणीही विश्वास ठेवला असता. थोरलीच्या हाताचं कापड बिघडतं, यावर पाच गावांत कोणी विश्वास ठेवला नसता. माग गेले असते, पण नाव राहिलं असतं. आणि दुसरा रस्ता? दुसऱ्या रस्त्यावर त्या हसण्याच्या दिवसापासून कोपऱ्यात बसवलेली धाकटी उभी होती.

धाकटी कांड्या घेऊन आली तेव्हा तिला दिसलं की थोरली मागाच्या उजव्या बाजूला बसली आहे.

"जाऊबाई, चुकून बसलात का? तुमची जागा ही, डावीकडे."

"चुकून नाही. तू बस तिकडे."

धाकटीने कांड्या खाली ठेवल्या आणि थोरलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"नखरे करू नकोस. डावीकडे बस आणि ठोका सांग. मी उचलते." मग जरा थांबून ती म्हणाली, "तेव्हा मी हसले होते ना गं? ते लुगडं होतं म्हणून. आज खिडकी आहे. खिडकीला तुझाच हात हवा."

 धाकटी डावीकडे बसली, पदर खोचला आणि धोटा टाकला.

पण पंचवीस वर्षांचा हात असा एका सकाळीत ऐकतो थोडाच! धाकटीने टक केलं की थोरलीकडून धाड व्हायचंच. कापड आता उलट्या बाजूने तिरकं. थोरली स्वतःच्याच हातावर चिडली. "मेला ऐकतच नाही!"

"मूठ सोडा आधी," धाकटी म्हणाली. "चिमटीत धरा. तान्ह्या बाळाला पाजल्यावर ढेकर काढायला पाठीवर थोपटता ना, तेवढंच."

"तेवढ्याने काय होतं?"

"बाळाला ढेकर येते. आणि कापडाला काय होतं ते बघू."

थोरलीला हसू आलं. हसता हसता हात सैल पडला आणि ठोका बरोबर लागला. टक. पुन्हा टक. चार दिवस हातभर विणायचं आणि वीतभर उसवायचं असं चाललं. पाचव्या दिवशी कापड सरळ उतरू लागलं. ओसरीत शेजारी शेजारी दोघी, आवाज इतका कमी की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, माग बंदच आहे. शेजारीण तर दोनदा येऊन खात्री करून गेली.

पहिला हलका पडदा दारात टांगला. काय सुंदर पडला! पण दोन दिवसांत वरच्या कडेला, जिथे कड्या अडकवल्या होत्या, तिथे धागे सरकून भोकं पडू लागली. पडदा स्वतःच्याच वजनाने ओघळला.

धाकटीचा चेहरा उतरला. "बघा, शेवटी गाळणंच ते."

"थांब," थोरली म्हणाली. तिने भोकांत बोट घालून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला. "वरची एक वीत मला दे. आणि खालची एक. तिथे मी सांगते तसं ठोक. मधे तू सांगशील तसं."

मग तसंच ठरलं. पडद्याच्या सुरुवातीला वीतभर धाड-धाड, कड्या पेलायला. मग सगळं अंग टक-टक, वारा आणि ऊन जायला. शेवटी पुन्हा वीतभर धाड-धाड, म्हणजे खालची बाजू जड होऊन पडदा सरळ लोंबायला. वीत आली की दोघी उठून जागा बदलत, वीत संपली की पुन्हा बदलत. पहिल्या हलक्या पडद्याच्या कडेला थोरलीने सुईने घट्ट पट्टी शिवून दिली.

अक्षय तृतीयेला शेठाणी आली. बाजाराहून परतलेले दोघे भाऊ दाराशी उभे होते, गाड्या सांगून ठेवल्या होत्या. शेजारणीने त्या दिवशी विरजणाची वाटी आणायचीही तसदी घेतली नव्हती, नुसतीच आली होती.

थोरलीने पडदा पश्चिमेच्या दारात टांगला. ऊन कलायला लागलं होतं. ते पडद्यातून आत आलं आणि ओसरीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर काठाची नक्षी उमटली. वाऱ्याबरोबर ती नक्षी जमिनीवरून हळूच सरकायची आणि परत यायची. शेठाणी पडद्याकडे न बघता जमिनीकडेच बघत राहिली.

"कोणाचा हात हा?" तिने विचारलं.

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. गावची सवयच ती. भाऊ तर तोंड उघडून सांगणारही होते.

"हिचा," थोरली म्हणाली आणि धाकटीला दंडाला धरून पुढे केलं. "वरची आणि खालची वीत माझी. बाकी अंग सगळं हिचं. आणि बाई, हे पाचच आहेत. सहाव्याचं सूत मी वाया घालवलं. हिचा हात सोडून माझाच हात चालवत बसले, म्हणून."

भाऊ एकमेकांकडे बघू लागले. शेजारणीने ही बातमी मनात पक्की करून ठेवली.

शेठाणीने पाच पडदे मोजून घेतले. "पाच खिडक्या झाकते," ती म्हणाली. "सहावीत बसून तुमच्या गावाच्या वाटेकडे बघत राहीन. सूत मी पाठवते. सहावा पडदा करा आणि त्याच्यासोबत पलंगपोसांना लागा, चार हवेत. लोडांचे अभ्रे मात्र चांगले दणकट करा, माझे सासरे भारी अंगाचे आहेत."

"ते मी बघते," थोरली म्हणाली. यावेळी धाकटी सगळ्यांपेक्षा जास्त हसली.

गाडीवाल्यांना नको म्हणून कळवलं. त्या घरचे माग मोडले नाहीत, उलट वर्षभरात आणखी एक रुंद माग आला. त्याच्यावर मोठं कोण आणि धाकटं कोण हे बघून डावी जागा मिळत नसे. पडदा असेल तर हलक्या हाताने डावीकडे बसायचं, अभ्रे नाहीतर सतरंजी असेल तर भारी हाताने. आणि पुढे त्या घरात नवी सून आली की तिला काय येतं, काय येत नाही, असं कोणी विचारत नसे. तिला मागावर बसवत, सगळे जरा गप्प होत आणि आधी तिचा ठोका ऐकत. मग ठरवत, हिच्यासाठी काय विणायला घ्यायचं.

तात्पर्य एवढंच: ज्या हाताला आपण नावं ठेवतो, त्याच्याजोगतं काम बहुधा आपणच त्याला अजून दिलेलं नसतं.